गावच्या मंडळीत जातपात अन् गर्भपात या विषयांवर बैठक कशी घ्यायची

हे लिहून राहिलो ते खेड्यातल्या लहान ख्रिस्ती मंडळ्यांसाठी, म्हणजे गावच्या चर्चसाठी, जिथं मोजकी घरं आहेत, पाळकसाहेब महिन्यातून एखाद्या रविवारी येतात अन् बाकीच्या रविवारी आपल्यातलाच कोणी उभं राहून वचन सांगतो. अशा ठिकाणी गर्भपात, जात, रंग, वंश हे विषय निघत नाहीत असं नाही, निघतात, पण मोबाईलमधून निघतात. अमेरिकेतल्या कोण्या पास्टरचा हिंदीत डब केलेला व्हिडिओ ग्रुपवर येतो, तरुण पोट्टे त्याच्याखाली दोन दिवस भांडतात, म्हातारे म्हणतात प्रार्थना करा बाप्पा, अन् जिच्या घरात खरोखरच तो प्रश्न उभा आहे ती बाई सगळं वाचते आणि कोणालाच काही सांगत नाही. म्हणून हे विषय तोंडासमोर बसून बोलले पाहिजेत. माझं म्हणणं एकच आहे, कोणाला "हे पाप आहे" म्हणायच्या आधी त्या माणसाचं किती ओझं मंडळी उचलणार हे ठरवा, बायबलमध्ये गलतीकरांस ६:२ मध्ये एकमेकांची ओझी वाहा असं सरळ लिहिलेलं आहे, आणि खाली जी पद्धत सांगतो ती सगळी याच्यावरच उभी आहे.

आधी वेळेचं पाहा. सोयाबीन काढणीत अन् कापूस वेचणीत बैठक ठेवू नका, माणसं येतात पण डोळे मिटून बसतात, बाया तं येतच नाहीत. लेंटचा, म्हणजे इस्टरच्या आधीच्या उपवासाचा काळ सगळ्यात चांगला, तेव्हा तसंही घरोघरी प्रार्थना चालू असतात आणि वेचणी बरीचशी आटपलेली असते. संध्याकाळी सातला ठेवली तर बाया स्वयंपाकात असतात, म्हणून साडेआठ, अन् घरी जायला उशीर होतो म्हणून गीत एकच घ्या. जागा चर्चची किंवा कोण्या विश्वासणाऱ्याच्या घरची. पोस्टर लावू नका, लाउडस्पीकर नको, लाईव्ह तर अजिबात नको. आजकाल चार ख्रिस्ती लोक एका घरात बसले तरी बाहेर वेगळीच चर्चा होते, त्यात हे विषय असे की अर्धा मिनिटाची क्लिप कापून फिरवली तर कोण्या बाईचं आयुष्य खराब होऊ शकते. मोबाईल दारातल्या टोपलीत ठेवायला सांगा, सगळ्यांचे, पाळकसाहेबांचापण.

दोन्ही विषय एका दिवशी घेऊ नका, आणि क्रम बदलू नका, आधी जात मग गर्भपात. काहून, तर गर्भपातापासून सुरुवात केली की पुढच्या सतरंजीवर बसलेले पुरुष बोलतात अन् मागं बसलेल्या बाया ऐकतात, जणू काही तो प्रश्न फक्त बायांचाच आहे. जातीचा विषय मात्र सगळ्यांच्या घरातून जातो, त्यात कोणीच न्यायाधीश बनून बसू शकत नाही, अन् एकदा माणूस स्वतः उघडा पडला की पुढच्या बैठकीत त्याची जीभ जरा नरम राहते.

जातीच्या बैठकीसाठी बहुतेक लोक गलतीकरांस ३:२८ वाचतात, यहूदी नाही हेल्लेणी नाही दास नाही स्वतंत्र नाही वगैरे, सगळे आमेन म्हणतात आणि घरी जातात. ते वचन खरंच आहे पण ते पाठ झालेलं आहे, त्याने कोणाला काही टोचत नाही. तुम्ही त्याच्या एक पान आधी जा, दुसरा अध्याय, ११ ते १४ ओव्या. येशूचा शिष्य पेत्र अंत्युखिया शहरात परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांसोबत एका पंगतीत जेवत होता, मग यरुशलेमहून याकोबाकडची माणसं आली तसा तो हळूच बाजूला झाला, जेवणं बंद केलं, कारण आलेल्या लोकांची भीती. त्याचं पाहून बाकीचे यहूदी सरकले, बर्णबासुद्धा सरकला. आणि पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सांगितलं की हे सुवार्तेच्या सत्याला धरून नाही. आता हे आपल्या विदर्भातल्या कोणत्याही माणसाला समजावून सांगायची गरजच नाही ना, पंगत म्हणजे काय, पाहुणे आले की कोण उठून बाजूला होते, हे सगळ्यांना माहीत आहे. पौलाने इथं पेत्राच्या श्रद्धेवर प्रश्न नाही काढला, त्याच्या ताटावर काढला.

हा भाग वाचून झाल्यावर "जातीबद्दल तुमचं मत काय" असं विचारू नका. मत विचारलं की सगळे म्हणतात आपल्यात जात नाही, प्रभूत सगळे एक. मत नको, झालेली गोष्ट विचारा. मागच्या नाताळात तुम्ही कोणाकोणाच्या घरी जेवले? मंडळीतल्या कोणाच्या घरचं पाणी तुमची आई पीत नाही? पोराचं स्थळ पाहताना मध्यस्थाला पहिला प्रश्न काय विचारला, कोणत्या चर्चचे की आधीचे कोण? दफनाच्या वेळी खड्डा कोण खणते, दरवेळी त्याच घरचे लोक काहून? कोलाम नाहीतर गोंड कुटुंबातून आलेला भाऊ मंडळीत किती वर्षांपासून आहे अन् त्याला कधी दान मोजायला बसवलं का? उत्तर मोठ्यानं द्यायची सक्ती नको, पण प्रश्न विचारल्यावर थोडा वेळ गप्प राहा, लगेच प्रार्थनेवर जाऊ नका.

मग कोणी तरी नक्की म्हणेल, "बरोबर आहे भाऊ पण लोकांना वेळ लागते, सध्या जसं चालू आहे तसं चालू द्या." याचं उत्तर इतिहासात आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. दक्षिण आफ्रिकेत डच रिफॉर्म्ड चर्चच्या सभेनं १८५७ साली काय ठरवलं, तर शास्त्राप्रमाणे गोरे-काळे एकत्र बसणंच योग्य आहे, पण काही लोकांच्या दुर्बळपणामुळे जिथं अडचण होते तिथं वेगळी उपासना चालेल. फक्त सवलत होती ती. १८८१ मध्ये मिश्र वंशाच्या, तिथं ज्यांना "रंगीत" म्हणत त्या लोकांसाठी वेगळं चर्चच निघालं, अन् १९४८ नंतर सरकारने अपार्थाइड, म्हणजे वंशावरून माणसं वेगळी ठेवायचा कायदा आणला तेव्हा चर्चवाल्यांनीच त्याला बायबलचा आधार दिला. त्याच वेगळ्या काढलेल्या चर्चने १९८२ साली बेलहार इथं विश्वासाची घोषणा लिहिली, १९८६ ला ती पक्की केली, आणि माणसांना वंशावरून वेगळं करणारी शिकवण नाकारली. सवलत द्यायला एक बैठक लागली, ती मोडायला शंभर वर्षांवर गेली. १९६३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून जे पत्र लिहिलं तेसुद्धा "थोडं थांबा, आता वेळ नाही" म्हणणाऱ्या गोऱ्या धर्मगुरूंनाच लिहिलं होतं, नास्तिकांना नाही.

वंश म्हणजे काही दूरचा विषय नाही हेही सांगा. गणना १२ वाचा, मोशेची बायको कूशी होती, आफ्रिकेतली, म्हणून मिर्याम अन् अहरोन त्याच्याविरुद्ध बोलले, आणि देवाचा राग कोणावर आला तर नाव ठेवणाऱ्यांवर, मिर्यामच्या अंगावर कोड उठलं. आपल्याकडं पोरीचा रंग सावळा असला की स्थळ परत जाते, जिनिंगमध्ये बिहार-छत्तीसगडहून आलेल्या मजुराला उपासनेला ये म्हणत नाही, ईशान्येकडचा कोणी दिसला की चिनी म्हणून हसतात. हे पोरापोरींसोबत बोला, ते मोठ्यांपेक्षा लवकर कबूल करतात.

एक खबरदारी. या बैठकीत हमखास जातीच्या दाखल्याचा विषय घुसते आणि मग सगळी रात्र त्याच्यातच जाते. ते दुःख खरं आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेरच. आदिवासींसाठीच्या वेगळ्या आदेशात धर्माची अशी अट नाही. म्हणजे एकाच मंडळीत एका घराला सवलत अन् शेजारच्याला नाही. पण हा अन्याय सरकारकडचा आहे, अन् आपण आपसात करतो तो वेगळा, एकाच्या आड दुसरा लपवू नका. दाखल्यावर वेगळा दिवस ठेवा, माहितगार वकील बोलवा, आणि कोणाच्या कागदावर काय लिहिलं आहे हे चारचौघात कधीही विचारू नका.

शेवटी एकच ठराव करा, तो करता येण्यासारखा पाहिजे. जसं की पुढच्या नाताळाची पंगत एकच, वाढणारे दरवर्षी बदलायचे. किंवा दफनाचं काम पाळीपाळीने. मोठ्या शपथा घेऊ नका, त्या टिकत नाहीत.

आता गर्भपाताची बैठक. ही एक नाही, दोन आहेत. पहिली फक्त बायांची, आणि तिथं बोलणारी बाईच पाहिजे, शक्यतो नर्स, आशाताई किंवा पाळकसाहेबांच्या घरच्या बाई, ज्यांच्यावर बायांचा भरोसा आहे. कारण गावात कोणी गर्भपात हा शब्द वापरत नाही, "क्युरेटिंग केलं", "खाली केलं", "गोळ्या घेतल्या" असं बोलतात, आणि हे पुरुषांसमोर निघणार नाही. या बैठकीत उपदेश नको. फक्त विचारा की बाईला हे करायची पाळी कशाने येते. जे निघेल ते असं निघेल बघा: दोन पोरी आहेत अन् सासू म्हणते आता तपासून घे, नवरा दारू पितो अन् काही वापरू देत नाही, मागचं बाळ आठ महिन्याचंच आहे, पोरगी कॉलेजात फसली, डॉक्टर म्हणाले बाळाला व्यंग आहे, बाईच्या जिवाला धोका होता. हे सगळं एकच पाप म्हणून एका शिक्क्यानं मोजता येत नाही हे ऐकणाऱ्याला आपोआप कळते. इथलं नाव बाहेर जाणार नाही ही शपथ आधी घ्या, अन् दुसऱ्या बैठकीत फक्त कारणं सांगा, कोणाची ते नाही, कारण लहान गावात अर्ध्या खुणेवरून माणूस ओळखू येते.

दुसरी बैठक सगळ्यांची. वचन पुरेसं वाचा. स्तोत्र १३९ मधल्या १३ ते १६ ओव्या, तू माझ्या आईच्या उदरात मला घडवलं, आणि यिर्मया १:५. निर्गमच्या पहिल्या अध्यायातल्या शिप्रा अन् पुवा या सुइणी जरूर घ्या, राजा म्हणतो मुलगा झाला तर मारा आणि त्या देवाला भिऊन मारत नाहीत. आपल्या भागात हेच उलटं वाचून दाखवा, मुलगी असली तर, अन् राजाच्या जागी घरचे लोक. मग योहान ८, व्यभिचारात धरलेली बाई. तिथं एक गोष्ट नेहमी सुटते, बाईला धरून आणलं पण पुरुष कुठं गेला? हा प्रश्न बैठकीत मोठ्यानं विचारा.

चर्चची शिकवण खरी तशी सांगा, सोपी करून नको. पहिल्या काळातल्या ख्रिस्ती लोकांचं दिदाखे नावाचं जुनं लिखाण आहे, त्यात गर्भपात करून लेकराला मारू नको असं स्पष्ट आहे. कॅथलिक चर्च आजपण तेच धरून आहे, गर्भ राहिल्या क्षणापासून जीव. प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये बहुतेक जण गर्भातला जीव देवाचा मानतात, पण आईच्या जिवाला धोका, बलात्कार, अशा ठिकाणी एकमत नाही. हे लपवलं तर उद्या पोट्टे गुगलवर पाहून येतात आणि मग तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही भरोसा जाते. मी स्वतः त्या बाजूचा आहे जी गर्भातल्या जिवाला जीव मानते, हे उघड सांगतो, आणि म्हणूनच मला वाटते की बोलणाऱ्याने खिशातपण हात घातला पाहिजे.

अमेरिकेच्या व्हिडिओंचं काय करायचं? त्यांना पार्श्वभूमी सांगा. तिथं १९७३ साली सुप्रीम कोर्टाने रो विरुद्ध वेड खटल्यात गर्भपाताला घटनेचं संरक्षण दिलं, जून २०२२ मध्ये डॉब्स खटल्यात ते काढलं, अन् आता प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. सदर्न बॅप्टिस्ट हे तिथलं सगळ्यात मोठं प्रोटेस्टंट संघटन, आज गर्भपाताच्या कडक विरोधात, पण १९७१ च्या त्यांच्या ठरावात बलात्कार, बाळाचं गंभीर व्यंग, आईच्या आरोग्याला धोका अशा कारणांसाठी कायद्याने मुभा असावी असं म्हटलं होतं. तेच संघटन १८४५ मध्ये गुलामगिरीच्या वादातून वेगळं झालं आणि त्याबद्दल माफी मागितली १९९५ मध्ये. म्हणजे तिकडचे भाऊसुद्धा शिकत, चुकत, बदलत आले, त्यांचं राजकारण आपल्या गावात शुभवर्तमान म्हणून वाटायची गरज नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे २००१ ला ९१३ मुली होत्या, २०११ च्या जनगणनेत ८९४ राहिल्या. हे कोण्या कोर्टाच्या निकालानं नाही झालं, घरातल्या बोलण्यानं झालं.

कायदा माहीत पाहिजे, नाही तं माणूस भीतीनं काहीही सांगते. आपल्याकडं १९७१ पासून कायदा आहे, २०२१ ला त्यात बदल झाला. कायद्यात दिलेल्या कारणांसाठी वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत लागते, वीस ते चोवीस आठवड्यांत ठरावीक परिस्थितीतल्या बायांसाठी दोघांचं, अन् चोवीसच्या पुढं बाळात गंभीर दोष असंल तर वैद्यकीय मंडळ ठरवते. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने अविवाहित बाईलापण त्या वीस ते चोवीसमध्ये धरलं. मुलगी अठराच्या आतली असंल तर पालकाची लेखी संमती लागते आणि पोक्सो, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा लागू होतो, ते प्रकरण गावातल्या बैठकीत मिटवायचं नाही, मिटवायचा प्रयत्न करणारा स्वतः गुन्ह्यात अडकतो. आणि मुलगा-मुलगी तपासणं हे पूर्ण वेगळं, १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. महाराष्ट्राने तर असा कायदा १९८८ लाच केला होता, देशात पहिला. १९९४ च्या कायद्यात सांगणारा डॉक्टर आणि विचारणारे घरचे दोघंही दोषी, पण बाईबद्दल कायदा असं धरून चालते की तिला नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी भाग पाडलं, उलट सिद्ध होईपर्यंत. मंडळीनंपण असंच धरून चालायला काय हरकत आहे?

कायद्यात मुभा आहे म्हणजे विश्वासाला पटते असं नाही, अन् विश्वासाला पटत नाही म्हणून सगळ्या देशानं बंद करावं असंही आपोआप होत नाही, हे दोन्ही शांतपणे समजावून सांगा. दवाखान्याचा रस्ता बंद झाला की बाया थांबत नाहीत, मेडिकलमधून कोणाच्या तरी सांगण्यावरून गोळ्या आणतात किंवा कोण्या दाईकडं जातात, आणि रक्तस्राव होऊन ग्रामीण रुग्णालयात येतात. विश्वासणाऱ्यांमध्ये यावर दोन मतं राहू शकतात. एकाच बैठकीत मिटवायचा हट्ट नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बैठकीनंतर एखादी बाई किंवा पोरगी खरंच आली तर. पहिल्या भेटीत वचन सांगू नका. ती सुरक्षित आहे का ते विचारा, किती महिने झाले विचारा, कोणाचा धाक आहे का विचारा. मग तिच्यासोबत, तिला पाहिजे असंल तर, एका बाईने सरकारी दवाखान्यात जायचं, पुरुषाने नाही. ती मूल ठेवायचं म्हणत असंल तर मंडळीने काय करायचं हे आधीच कागदावर पाहिजे: बाळंतपणापर्यंतचा आहार, दवाखान्याचं जाणं-येणं, पोरगी शिकणारी असंल तर परीक्षा बुडणार नाही याची व्यवस्था, घरच्यांनी हाकललं तर राहायला खोली. आणि मूल सांभाळणं शक्यच नसंल तर कोणाला परस्पर देऊन टाकायचं नाही, तो गुन्हा आहे, जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसमोर रीतसर सोपवता येते, आईला विचार बदलायला कायद्यानं साठ दिवस मिळतात, १०९८ वर फोन केला तरी माहिती मिळते.

हे आपल्या मातीत नवीन नाही. जोतिराव अन् सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, फसलेल्या विधवांना गुपचूप बाळंत होता यावं म्हणून, आणि पुढं तशाच एका विधवेचा मुलगा यशवंत स्वतः दत्तक घेतला. फुले काही ख्रिस्ती नव्हते. पंडिता रमाबाई होत्या, १८९७ च्या दुष्काळात त्या आपल्या मध्य प्रांतातून अनाथ मुली अन् विधवांना घेऊन गेल्या, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये समाजानं टाकलेल्या बायांसाठी कृपासदन चालवलं. या लोकांनी आधी दार उघडलं, हे तरुण संघाला सांगाच.

आणि जिने आधीच गर्भपात केलेला आहे तिचं काय? तिला सगळ्यांसमोर आपली गोष्ट सांगत साक्ष द्यायला उभं करू नका. प्रभुभोजनातून बाजूला बसवू नका. बऱ्याच जणींना वर्षानुवर्षं झोप नाही, कोणाला बोलल्या नाहीत. तिनं स्वतः सांगितलं तर ऐका, तिच्यासोबत प्रार्थना करा, क्षमा मिळते हे स्पष्ट शब्दांत सांगा, आणि ज्या नवऱ्यानं किंवा सासूनं तिला नेलं होतं त्यांच्याशी पाळकसाहेबांनी वेगळं बोललं पाहिजे.

मंडळीबाहेर आवाज उठवायचा असंल तर ग्रामसभा आहे, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. तिथं बायबल घेऊन उभं राहू नका, गावातल्या बाकी लोकांना ते आपलं वाटणार नाही. सगळ्यांना चालेल अशी मागणी करा, उपकेंद्रात नर्स मुक्कामी राहावी, मुलगी झाली तर ग्रामपंचायतीने घरी जाऊन तिचं स्वागत करावं, पाण्याच्या टाकीवर सगळ्या वस्तीला सारखा नळ. बौद्ध भाऊ, मुसलमान भाऊ, आशाताई, बचत गटाच्या बाया यांना आधी भेटा, ठराव त्यांच्याही सह्यांनी द्या, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (आधीचा ग्रामसेवक) त्याची नक्कल मागून घ्या.

राहिला पैसा. वर लिहिलेलं सगळं दानपेटीतून उरेल त्यात होत नाही, म्हणून वेगळा डबा ठेवा, हिशेब दोन बायांकडं द्या, कोणाला दिलं ते नाव वहीत लिहू नका, फक्त तारीख अन् रक्कम. पहिल्या महिन्यात डब्यात काहीच जमलं नाही तर गर्भपातावरची दुसरी बैठक पुढं ढकला अन् जमेपर्यंत घेऊ नका.